कुलूप माझं, चावी त्याची

९ जानेवारी

आजपासून रोज लिहायचं. मुख्य तंत्रज्ञ झालेल्या माणसाच्या डोक्यात एवढं काही चालू असतं की ते कुठेतरी उतरवून ठेवलेलं बरं. वही मुलीने दिली. कव्हरवर मांजराचं चित्र आहे, पण चालवून घेतो.

एकवीस वर्षं मी लिफ्टच्या शाफ्टमध्ये काढली. शाफ्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली ती उभी काळोखी विहीर, जिच्यात लिफ्ट वरखाली करते आणि जिच्यात आमच्याशिवाय कोणी डोकावत नाही. आज साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आता एकशे चाळीस लिफ्टा याच्या ताब्यात. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात शिडीने वाजवल्या.

शिडी म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. उंची सहा फूट तीन इंच, म्हणून कामावर शिडी, आणि मग घरीही तेच चिकटलं. सोळा वर्षांपूर्वी मीच त्याला या कामात आणलं. पहिल्या दिवशी त्याच्या हातात एक पितळी कुलूप ठेवलं आणि नियम सांगितला. शाफ्टमध्ये उतरण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, चावी आपल्या खिशात. चावी एकच. दोघं कामाला असतील तर दोन कुलपं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, मरेपर्यंत नाही. तो विसरून घरी गेला असेल तर घरून बोलवायचा. का, तर त्या कुलपाच्या दुसऱ्या टोकाला माणूस लटकलेला असतो.

शिडी आजही नव्या पोरांना हे वाक्य माझ्याच आवाजात म्हणून दाखवतो.

१७ जानेवारी

घरात रबर जळाल्याचा वास. सगळे स्विचबोर्ड उघडले, फ्रिज ओढून मागे पाहिलं, मिक्सर खोलला. बायको म्हणते, तिला काही वास येत नाही. हिचं नाक बाराही महिने सर्दीने बंद. मुलगीही म्हणते येत नाही, पण ती आईचीच री ओढणार.

दीड मिनिटात गेला.

२५ जानेवारी

वास पुन्हा. या वेळी बागेत, मोकळ्यावर, बाकावर बसलो असताना. आसपास ना वायर, ना गाडी. म्हणजे वास बाहेर नाही. हे फक्त या वहीत.

२ फेब्रुवारी

परवान्याची वार्षिक वैद्यकीय तपासणी. रक्तदाब ठीक, डोळे ठीक. मग तो छापील कागद, तेहेतीस प्रश्न. चक्कर येते का? नाही. फिट आली होती का? नाही. नसलेले वास किंवा आवाज जाणवतात का?

इथे पेन थांबलं. 'होय' लिहिलं की शाफ्ट बंद. नवा मुख्य तंत्रज्ञ महिन्याभरात टेबलाच्या कामाला, आणि माझ्या जागी कोण, तर शिडी. 'नाही' लिहिलं. खाली सही केली. झोकदार आली.

१९ फेब्रुवारी

घरातले काचेचे ग्लास दिसेनासे झालेत. विचारलं तर म्हणे स्टीलचे बरे, धुवायला सोपे. मुलगी हल्ली अभ्यासाला शेजारच्या मावशींकडे जाते. तिथे उजेड चांगला आहे म्हणे. आमच्या घरात चार ट्यूब आहेत! पण बोलून उपयोग नाही, या घरात माझं ऐकायला कोणी थांबतच नाही.

६ मार्च

कामावर सगळे नालायक. एकाला धड दोर तपासता येत नाहीत, दुसऱ्याला नट कसता येत नाही. हत्यारांची पेटी भिंतीवर फेकली तेव्हा कुठे लोक हलले. अशी जरब पाहिजे. इतकी वर्षं मी उगाच मऊ राहिलो.

शिडी जिन्यात गाठून म्हणाला, "भावोजी, एकदा डोकं दाखवून येऊ. मी येतो सोबत. ताईला सांगायचं नाही."

म्हणजे माझ्या खुर्चीवर डोळा आहे तर.

२१ मार्च

आज सात जणांना झापलं. छान वाटलं.

२६ मार्च

दुपार. पोलीस येताहेत असं बायकोने दारातून सांगितलं आणि दाराला बाहेरून कडी लावली. स्वतःच्या नवऱ्याला! तोवर काय झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे घोळ नको.

प्रसूतिगृहाची लिफ्ट. सात मजले. यंत्र गच्चीवरच्या खोलीत. मी वर, शिडी सगळ्यात खाली खड्ड्यात. माझं काम झालं, माझं कुलूप मी काढलं. त्याचं होतं. दोनदा हाक मारली, उत्तर नाही. खालून सिस्टर ओरडतेय, लिफ्ट कधी मिळणार. वास येत होता, आज जास्तच. मी लोखंड कापायची मोठी कातर घेतली आणि शिडीचं कुलूप कापलं. स्विचवर हात ठेवला, तेवढ्यात तो दारात. खड्ड्यातून निघून सात मजले जिन्याने चढून आला होता, धापा टाकत. कापलेलं कुलूप पाहिलं आणि पांढराफटक पडला.

म्हणाला, "मी खाली असतो तर?"

मी म्हणालो, नव्हतास ना.

म्हणाला, "हे तुम्हीच शिकवलंत मला."

मला कोणी माझंच शिकवलेलं ऐकवायचं नाही. हातात मोठा पाना होता. त्याच्या उजव्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा लहान असतो. दुसऱ्यांदा उचलला होता, पण वास गेला आणि मग कंटाळा आला, तसाच घरी निघून आलो.

कडी वाजली. आले.

१९ एप्रिल

अक्षर वाकडं येतंय, पण माझं आहे. वही बायकोने इस्पितळात आणून दिली.

डोक्याला तेवीस टाके. झालं ते असं: पोलीस कोठडीत दुसऱ्या दिवशी मी धाडकन पडलो, तोंडाला फेस, हातपाय झडताहेत. तिथून इथे. डोक्याचे फोटो काढले. कपाळाच्या मागे, उजव्या बाजूला गाठ, लिंबाएवढी. कर्करोग नाही, साधी. पण बसलेली नको तिथे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, माणूस रागाला आवर घालतो तो भाग, आणि वास ओळखतो तो भाग, दोन्हींवर ही बया टेकून बसली होती, बहुधा तीन-चार वर्षं. सहा तास लागले काढायला.

शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट कळली ती चहाचा वास. शेजारच्या खाटेवर कोणी चहा पीत होतं. चहाला चहाचाच वास येत होता. मी हमसून हमसून रडलो. नर्सला वाटलं दुखतंय.

२३ एप्रिल

मी निर्दोष आहे! पहिल्यांदा मीच मोठ्याने म्हटलं, मग खोलीभर सगळे म्हणायला लागले. साहेब येऊन गेले: "ते तुम्ही नव्हतातच हो." शेजारच्या मावशी: "ते तुम्ही नव्हतात." नर्स, तिची मैत्रीण, खाट ढकलणारा, सगळे. डॉक्टरीणबाईंना विचारलं, गाठ कुठे आहे, मला तिला दोन शब्द सुनवायचेत. म्हणाल्या, तपासणीला गेली.

शिडी आला नाही. त्याच्या कोपरात सळ्या घातल्यात, बायको सांगत होती. हात पुरता सरळ होणार नाही. एक इस्पितळ त्याचं, एक माझं. ती सकाळी तिकडे डबा देते, दुपारी इकडे.

२ मे

जामिनावर घरी. वकीलबाई आल्या होत्या. बाई हुशार, बोलायला लागल्या की कागदसुद्धा सरळ बसतात. म्हणाल्या, "तुमची केस मला आवडली. गाठ हाच आपला साक्षीदार, आणि हा साक्षीदार उलटतपासणीत फुटत नाही." मग पेन काढून विचारलं, "मारहाणीच्या आधी काही लक्षणं जाणवली होती? वास, चक्कर, काहीही?"

मी म्हणालो, नाही.

बायको दारात उभी होती. आत निघून गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्त येत होता.

९ मे

शिडीच्या घरी गेलो. बायको नको म्हणत होती. मी म्हटलं, अगं, आता काय अवघड आहे? त्यालाही कळलंय ना की ते मी नव्हतो.

तो खुर्चीत बसला होता, हात पट्ट्यात, पाय नेहमीसारखे खोलीभर. मी बसलो आणि तयार केलेलं बोललो. गाठ किती मोठी होती, कुठे होती, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या. फोटोसुद्धा नेला होता, खिडकीच्या उजेडात धरून दाखवला.

त्याने तो पाहिला. मग म्हणाला, "छान. आता मला एक सांगा. सगळे म्हणतात ते तुम्ही नव्हतात. ताई म्हणते, साहेब म्हणतात, आता तुम्हीही म्हणताय. मग माझा हात मोडला तो कोणी?"

मी फोटो उजेडातून खाली घेतला.

"भावोजी, मी चिडू कोणावर? बरणीतल्या लिंबावर? माफ करायचं म्हटलं तरी समोर कोणीतरी लागतं ना. इथे कोणीच नाही. सळ्या तेवढ्या माझ्या हातात आहेत."

मी म्हणालो, पण माझा इलाज नव्हता रे.

"असेल," तो म्हणाला. "मी सोळा वर्षं ज्या माणसाच्या भरवशावर खड्ड्यात उतरलो, तो होता तरी का तिथे कधी, हेच मला आता कळेनासं झालंय."

परत येताना बायको रस्ताभर माझ्यापुढे चार पावलं चालत होती. मला शिडीचाच राग आला. आजारी माणसाशी असं बोलतात?

१० मे

वही पहिल्यापासून वाचली.

मार्चमधलं वाचून अंगावर काटा आला. ओळी उजवीकडे चढत गेल्यात, अक्षरं अंगठ्याएवढी. तो माणूस मी नाही असं म्हणायला कोणाला आवडणार नाही! पण जानेवारीतलं अक्षर माझं आहे. बारीक, सरळ. 'हे फक्त या वहीत.' आणि २ फेब्रुवारी. पेन थांबलं होतं. का थांबलं ते मी स्वतःच लिहून ठेवलंय, शिडीच्या नावासकट.

दुपारी बायकोला दाखवलं. तिने वाचलं, वही मिटली, मांजराच्या चित्रावर हात ठेवून बसली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "वासाचं नव्हे, पण काहीतरी आहे हे. तुम्ही तीन ग्लास फोडलेत महिन्याभरात. मी काय केलं? ग्लास बदलले. डॉक्टरकडे न्यायचं सोडून ग्लास बदलले मी. आणि माझ्या भावाला रोज तुमच्यासोबत कामाला पाठवलं."

पंचेचाळीस दिवसांत पहिल्यांदा ती रडली. ते तू नव्हतीस, असं तर म्हणता येत नव्हतं.

१८ मे

आज मला राग आला. साधा, मुलीने माझ्या गोळ्यांवर पाणी सांडलं म्हणून. छातीत काहीतरी वर आलं आणि माझी पाचावर धारण बसली. झालं, गाठ परत आली. मी टेबलाची कड धरून बसलो. मुलगीही थिजून उभी. मग तो आला तसा हळूहळू उतरला. मी म्हणालो, पुसून घे, आणि पुढच्या वेळी बघून. एवढंच!

ती फडकं घेऊन आली आणि पुसता पुसता म्हणाली, "बाबा, तू आज बोटं वाजवली नाहीस."

"कसली बोटं?"

"तू आधी टेबलावर बोटं वाजवायचास. मग मी आणि आई आत जायचो."

बारा वर्षांची पोर. तिला माझं वेळापत्रक पाठ होतं.

२१ मे

टाके तपासायला गेलो. डॉक्टरीणबाईंना मुलीच्या सांडलेल्या पाण्याचं सांगितलं आणि विचारलं, गाठ काढली, मग हा राग कोणाचा?

"तुमचा," त्या म्हणाल्या. "अभिनंदन."

मग मी २ फेब्रुवारी सांगितली. पहिल्यांदाच घराबाहेर. विचारलं, राग गाठीचा, पाना गाठीचा, मान्य. पण ते 'नाही' कोणाचं? त्यांनी बराच वेळ फोटोकडे पाहिलं. म्हणाल्या, "गाठ तेव्हाही होतीच. माणसाचा विवेक जिथून चालतो, तिथेच दाबत होती. त्या 'नाही'मधलं किती तिचं, किती तुमचं, हे मला फोटोत दिसत नाही. कोणालाच दिसणार नाही. तुम्ही बिनधास्त तिच्यावर घालू शकता, कोणी तुम्हाला खोटं ठरवणार नाही."

मी विचार केला. शिडीच्या हातातल्या सळ्या आठवल्या. म्हणालो, "बाई, मग ते बेवारस आहे. दुसरं कोणी घेत नसेल तर मी घेतो."

त्या हसल्या नाहीत. फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. काय ते दाखवलं नाही.

परत येताना मी चालत आलो, पाच किलोमीटर. का कुणास ठाऊक, शीळ घालत होतो.

२८ मे

वकीलबाईंचा तिळपापड. "तुम्हाला सुटायचंय की नाही? मी लक्षणं नव्हती म्हणून लिहून बसलेय आणि तुम्ही मला मांजराची वही दाखवता?" मी म्हटलं, वही कोर्टात ठेवा. त्या म्हणाल्या, वही ठेवली तर समोरची बाजू २ फेब्रुवारीवर नाचेल. म्हटलं, नाचू दे. जाताना जिन्यात थांबल्या. "वीस वर्षांत मला खोटं सांगणारे हजार भेटले. खरं सांगून माझं काम वाढवणारे तुम्ही पहिलेच."

परवाना गेला तर? लिफ्ट सोडून मला या जगात काही येत नाही.

११ जून

लिहून टाकतो, आनंदाच्या भरातच.

कोर्टाची खोली लहान, पंखा किरकिरणारा. बेअरिंग गेलंय, मला खालून कळत होतं. शिडी मागच्या बाकावर, वकीलबाईंनी त्याला साक्षीला बोलावलं होतं. डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवून सगळं सांगितलं. न्यायाधीश म्हातारे, चष्मा कपाळावर. त्यांनी विचारलं, "तुम्हाला स्वतःला काही सांगायचंय?"

उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "साहेब, पाना मारला तेव्हा मला आवरायला डोक्यात कोणी नव्हतं, हे खरं. पण त्याच्या आधी दोन महिने मला वास येत होता, आणि तो खरा नाही हे मला कळत होतं. कागदावर विचारलं तेव्हा मी 'नाही' लिहिलं, कारण माझी जागा या माझ्या मेहुण्याला जाईल ही भीती होती. मी 'होय' लिहिलं असतं तर याचा हात आज सरळ असता. तेव्हा याला चिडायचं असेल तर गाठीवर चिडायची गरज नाही. मी इथे आहे."

न्यायाधीशांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि लिहायला लागले.

निकाल: मारहाणीच्या आरोपातून मुक्त. तपासणीत खोटी माहिती दिली म्हणून परवाना एक वर्ष बंद, आणि नंतर डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय शाफ्टमध्ये पाऊल नाही. वकीलबाई म्हणाल्या, याहून कमी होऊ शकलं असतं. मला तर वाटत होतं मी काहीतरी जिंकून आलोय!

बाहेर व्हरांड्यात शिडी उभा. वाकडा हात खिशात.

"आता कळलं कोणावर चिडायचं," तो म्हणाला.

"चीड."

"चिडलोय."

"बरं."

मग म्हणाला, "मी अजून बरेच दिवस चिडणार आहे, भावोजी. घाई करू नका." आणि थोड्या वेळाने, "चहा घेणार?"

बायको आमच्या मागे दहा पावलांवर होती. मागे वळून पाहिलं तर पदर तोंडाला लावून हसतेय की रडतेय ते कळेना.

३ जुलै

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये रुजू. जमिनीवरचं काम: दरवाज्यांच्या मोटारी, जुने रिले, बटणं. मुख्य तंत्रज्ञ आता शिडी. त्याने मला पहिलंच काम दिलं ते प्रसूतिगृहाची तेहेतीस बटणं साफ करायचं. तेहेतीस! मुद्दाम मोजून पाठवली की काय, विचारलं नाही. लखलखीत करून दिली.

१४ ऑक्टोबर

महिन्यातून एकदा डोक्याचा फोटो. स्वच्छ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिथे कापलं तिथे व्रण आहे, त्यातून छोटी फिट कधीतरी येऊ शकते. आली तर आधी तोच वास येईल. येईलच असं नाही. पण आला तर लगेच काम थांबवायचं, बसायचं, सोबतच्याला सांगायचं.

"लगेच म्हणजे?"

"म्हणजे पेन न थांबवता," त्या म्हणाल्या. बाई विसरत नाहीत.

७ मार्च

वर्कशॉपमध्ये शिडी आला. स्टूल ओढून बसला, गुडघे टेबलाच्या वर.

"जूनमध्ये परवाना सुटेल तुमचा. शाफ्टमध्ये यायचंय?"

"तू नेशील?"

त्याने खिशातून कापलेलं कुलूप काढलं. वर्षभर बाळगलं होतं, कड गुळगुळीत झालेली. टेबलावर ठेवलं. "अजून कधीकधी वाटतं, मी खड्ड्यातच होतो."

मी ते कुलूप हातात घेतलं. मग म्हटलं, ऐक. सतरा वर्षांपूर्वी मी तुला सांगितलं, चावी आपल्या खिशात, कोणाला द्यायची नाही. त्याला आपण एक अपवाद करू. मला वास आला की मी स्विच बंद करीन, माझं कुलूप लावीन आणि चावी तुला देईन. मग मी भिंतीला पाठ लावून बसणार. मी कितीही म्हटलं मला बरं वाटतंय, कितीही ओरडलो, तरी चावी द्यायची की नाही ते तू ठरवायचं. तेव्हाच्या मला विचारायचं नाही. आताचा मी तुला सांगून ठेवतोय.

त्याने माझ्या हातातलं कुलूप परत घेतलं. "आणि तुम्ही सांगितलंच नाहीत तर? वास आला आणि गप्प बसलात तर?"

हाच तो प्रश्न. त्याला कागद नाही, फोटो नाही, साक्षीदार नाही.

"तेवढं माझ्यावर आहे," मी म्हणालो.

तो उठला. दिव्याला डोकं आपटलं. "बघू," म्हणाला.

२० जून

परवाना हातात. छापील कागद पुन्हा समोर आला, तेहेतीस प्रश्न. नसलेले वास? लिहिलं: 'गेल्या वर्षी होते. शस्त्रक्रियेनंतर नाहीत. आले तर सांगेन.' कारकून म्हणाला, फक्त होय किंवा नाही लिहायचं असतं. मी म्हटलं, जागा कमी पडली तर मागे लिहितो.

२४ जून

आज!

शिडीने पहिलं काम निवडलं ते प्रसूतिगृहाचं. "तिथूनच सुरुवात," एवढंच म्हणाला. सकाळी दहाला त्याच गच्चीवर, त्याच खोलीत. दोन नवी पितळी कुलपं. त्याचा उजवा कोपर सरळ होत नाही म्हणून आता तो डाव्या हातानेच कुलूप हाताळतो. मी पाहिलं आणि पाहू दिलं त्याने.

आधी यंत्र चालवून बघायचं होतं. खाली दारांना 'काम चालू' पाट्या, लिफ्ट रिकामी. चाक फिरायला लागलं. एकदा वर, एकदा खाली. मी दोरांकडे बघत होतो.

आणि वास आला. रबर जळल्याचा. तोच.

खरं लिहायचं तर एक क्षण पुन्हा थांबलो. पहिला दिवस. दीड मिनिटाचा तर प्रश्न, तोंड फिरवून उभा राहिलो असतो तर कोणाला कळणार होतं? वर्षभराची सगळी मेहनत, मुलगी सकाळी दारापर्यंत सोडायला आली होती, बायकोने डबा दोघांचा दिला होता. सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

"शिडी, वास."

स्विच खाली ओढला. चाक थांबलं. माझं कुलूप लावलं, चावी काढली, त्याच्या तळहातावर ठेवली. भिंतीला पाठ लावून खाली बसलो. माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे, कारण तो लगेच माझ्यासमोर उकिडवा बसला आणि घड्याळ लावलं.

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

"मी कोण?"

"शिडी. माझा साहेब."

"मुलगी कितवीत?"

"आठवीत. गणितात कच्ची."

"हात हलवा. बोटं." हलवली. त्याने चावी मुठीत घट्ट धरली होती. "दीड मिनिट झालं, भावोजी."

"जात नाहीये."

"दोन."

"जात नाही रे." डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हटलं, संपलं. पण सांगितलं, हे तरी माझं. उद्या फोटो काढू, पुन्हा कापायचं तर कापू. वर्कशॉपमध्ये बटणं पुसायची तर पुसू. सांगितलं मी.

"तीन," शिडी म्हणाला. आणि मग त्याने मान वर केली. नाक फेंदारलं. इकडे केलं, तिकडे केलं.

"भावोजी."

"काय?"

"जळतंय."

"काय जळतंय?"

"अहो, खरंच जळतंय! मलाही येतोय वास!"

तो ताडकन उठला, डोकं तुळईला धाडकन आपटलं, तसाच डोकं चोळत यंत्राकडे धावला. ब्रेक! चाक धरून ठेवायचा ब्रेक पूर्ण उघडतच नव्हता, चालू यंत्रावर घासत होता. आतलं अस्तर जळून काळं कुळकुळीत, ड्रम इतका तापलेला की हात जवळ नेववेना. असाच आठवडाभर चालला असता तर एखाद्या दिवशी भरल्या लिफ्टला त्याने धरलंच नसतं. आत बाळंतीण, कडेवर दोन दिवसांचं पोर.

मी भिंतीपाशी तसाच बसून होतो. मग हसायला लागलो. शिडीही. मी फरशीवर लोळून हसतोय, तो यंत्राला टेकून, टेंगूळ आलेल्या डोक्यावर हात. सिस्टर धापा टाकत वर आली, तीच, गेल्या वर्षीची.

"लिफ्ट बंद आणि तुम्ही हसताय? काय झालं काय?"

"सिस्टर, वास येतोय!" मी म्हणालो.

"मग?"

"यालाही येतोय!"

तिने आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही आणखी हसलो.

शिडीने मूठ उघडली. चावी तळहातात रुतून लाल वण उठला होता. "धरा. तुमची." मी घेतली, खिशात टाकली. कुलूप काढलं नाही. ब्रेक बदलायचा होता, संध्याकाळपर्यंत दोघांची कुलपं तिथेच होती.

काम संपल्यावर शिडी नोंदवही भरायला बसला. कोपर वाकडा, म्हणून अक्षर तिरकं येतं आता. दोष काय: ब्रेक घासत होता. कसा लक्षात आला: जळका वास. तिथे थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं: 'आधी भावोजींना आला. त्यांनी लगेच सांगितलं. मग मला आला.'

मी म्हटलं, अरे, कंपनीच्या नोंदवहीत भावोजी काय लिहितोस, खोड ते.

त्याने सही ठोकली आणि वही मिटली.